भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर : बॅक्टेरियांचा हात किती, आणि तुम्ही आता काय करायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला तो बरोबर कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुमचं वय ३८. मोठ्या भावाला ४४व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. भाऊ शाकाहारी, दारू-तंबाखू काही नाही. मग हे झालं कसं, हे शोधताना तुम्ही एक व्हिडिओ पाहिला, आणि त्यात सांगितलं की हा कॅन्सर पोटातल्या 'वाईट' बॅक्टेरियांमुळे होतो. तेव्हापासून घरात तीन गोष्टी चालल्या आहेत. शौचाचा नमुना कुरिअरनं पाठवून बॅक्टेरियांची यादी देणारी महागडी टेस्ट करायची का, ही चर्चा. मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा कोर्स आणून त्यावर प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत 'चांगल्या' बॅक्टेरियांच्या, कॅप्सूल घ्यायचा बेत. आणि तिसरी गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत जरा संकोचून लिहिली आहे: भावाचं ताट-वाटी वेगळं काढलंय.

मी पोटविकारतज्ज्ञ आहे, कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं, हे रोजचं काम. तुमच्या भावाचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे काही गोष्टी 'रिपोर्टमध्ये असं असेल तर' अशाच सांगाव्या लागतील. पण तिसऱ्या गोष्टीसाठी रिपोर्ट लागत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ताट-वाटी आजच एकत्र करा. कॅन्सर एका ताटात जेवून, एकच संडास वापरून किंवा शेजारी झोपून लागत नाही. ज्या बॅक्टेरियांची नावं पुढे येणार आहेत ते तुमच्या-माझ्या पोटात आणि तोंडात आधीपासूनच असू शकतात. एका घरात राहणाऱ्यांचे बॅक्टेरिया थोडेफार सारखे असतातच, म्हणून काही नवऱ्याचा कॅन्सर बायकोला होत नाही. जपायचंच असेल तर उलट बाजूनं जपा. केमोमध्ये पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा तुमच्या सर्दी-खोकल्यापासून भावाला लांब ठेवा. ओपीडीत मला हे बरेचदा दिसतं. नातेवाईक समोर असेपर्यंत पेशंट गप्प असतो, ते औषधं आणायला बाहेर गेले की हळूच विचारतो, "डॉक्टर, माझ्यामुळे पोरांना काही होणार नाही ना?" घरात वेगळी वाटी दिसली की या प्रश्नाचं चुकीचं उत्तर त्याला न विचारताच मिळतं.

आता बॅक्टेरियांकडे. व्हिडिओत सांगितलेलं सगळं खोटं नाही, म्हणूनच ते जास्त घोळ घालतं. संबंध आहे. पण 'संबंध आहे' आणि 'म्हणून टेस्ट करा, गोळी घ्या' यांच्यामध्ये एक प्रश्न येतो आणि व्हिडिओवाले नेमका तोच गाळतात: हा बॅक्टेरिया आला केव्हा? गाठ होण्याच्या वीस वर्षं आधी, की गाठ झाल्यानंतर? माझं सगळं उत्तर या 'केव्हा'वर उभं आहे.

माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात. त्यांचं एकूण वजन भरतं जेमतेम २०० ग्रॅम, आणि त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात. लहान आतडं पाच-सहा मीटर लांब, मोठं फक्त दीड मीटर. तरी कॅन्सर लहान आतड्यात क्वचित आणि मोठ्यात कितीतरी जास्त. याची कारणं एकाहून जास्त आहेत, पण दोन्हींतला ठळक फरक बॅक्टेरियांच्या संख्येचा आहे, त्यामुळे संशोधकांचं लक्ष तिकडे जाणं साहजिकच होतं. एरवी हे बॅक्टेरिया आपल्या पेशींना थेट चिकटत नाहीत. मधे चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्याचा आतला भाग जवळजवळ निर्जंतुक असतो. अस्तराच्या वरच्या पेशी चार-पाच दिवसांत झडून नव्या येतात. खाली खोबणींच्या तळाशी मूळ पेशी असतात, त्या मात्र वर्षानुवर्षं टिकतात. धोका असतो तो यांना इजा झाली तर. मूळ पेशीतलं एपीसी नावाचं जनुक बिघडलं की पेशी बेशिस्त वाढायला लागतात, त्यातून पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा छोटा उंचवटा, तयार होतो. पुढे आणखी काही जनुकं बिघडत गेली तर त्यातल्या थोड्या पॉलिपचा कॅन्सर होतो. पॉलिपपासून कॅन्सरपर्यंत साधारण दहा वर्षं जातात, कधी जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

या प्रवासात अगदी सुरुवातीला हात घालू शकतो असा आजवरचा सगळ्यात भक्कम संशयित म्हणजे ई. कोलाय. सगळे ई. कोलाय नव्हेत, ज्यांच्याकडे पीकेएस नावाचा जनुकसमूह असतो तेवढेच. हा समूह 'कोलिबॅक्टिन' नावाचं रसायन बनवतो. २००६ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ते पहिल्यांदा दाखवलं. कोलिबॅक्टिन डीएनएच्या दोन्ही धाग्यांना पकडून एकमेकांशी जखडून टाकतं. पेशी तो गुंता सोडवायला जाते, आणि सोडवताना विशिष्ट जागी विशिष्ट प्रकारच्या चुका राहून जातात. २०२० साली नेदरलँड्समध्ये युट्रेख्टच्या गटानं प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या आतड्याच्या सूक्ष्म गोळ्यांमध्ये हे बॅक्टेरिया पाच महिने पुन्हा पुन्हा सोडले आणि नंतर त्या पेशींचा डीएनए वाचला. चुकांचा एक ठरावीक ठसा मिळाला. मग हजारो रुग्णांच्या कॅन्सरच्या डीएनएमध्ये तो ठसा शोधला, तर तो सापडला, आणि मुख्यतः मोठ्या आतड्याच्याच कॅन्सरमध्ये. माझ्या दृष्टीनं हा पुरावा या विषयातला सगळ्यात वजनदार, कारण इथे नुसतं 'पेशंटमध्ये जास्त, निरोगी माणसात कमी' एवढंच नाही. हा ठसा कोणाचा हे सांगता येतं.

तुमच्या भावाच्या वयाचा संबंध येतो तो २०२५च्या अभ्यासात. ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचा पूर्ण डीएनए वाचला गेला. चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांमध्ये कोलिबॅक्टिनचा ठसा सत्तरीनंतर झालेल्यांपेक्षा ३.३ पट जास्त वेळा आढळला. हे बदल गाठीच्या इतिहासात खूप आधी झालेले होते, म्हणून लहानपणीच, पहिल्या दहा वर्षांतच, ही इजा झाली असावी असा संशोधकांचा अंदाज आहे. तरुणांमध्ये हा कॅन्सर का वाढतोय, या प्रश्नाला हा एक गंभीर धागा आहे. धागा म्हणतोय, उत्तर म्हणत नाही. तरुण रुग्णांच्या सगळ्या गाठींत तो ठसा नव्हता, आणि निरोगी माणसांतही पाचातल्या एकाच्या पोटात असे ई. कोलाय सापडल्याचे अभ्यास आहेत.

आता 'केव्हा' लावून बघा. इजा दहाव्या वर्षाआधी झाली असेल, तर चव्वेचाळिसाव्या वर्षी शौचात तो बॅक्टेरिया असायलाच हवा असं नाही. तो कधीचाच गेला असेल, ठसा मात्र पेशीत राहिला. आणि उलट, आज तुमच्या शौचात तो सापडला तर त्यावरून तुमच्या मूळ पेशींत काय झालंय हे कळत नाही. मग त्या महागड्या टेस्टनं तुम्हाला नेमकं काय सांगितलं?

व्हिडिओत ज्याचं नाव होतं तो मात्र वेगळा, फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम. हा मूळचा तोंडातला. दातांवरच्या किटणात, सुजलेल्या हिरड्यांत राहतो. २०११च्या शेवटी अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे जाहीर केलं की मोठ्या आतड्याच्या गाठींत तो शेजारच्या निरोगी अस्तरापेक्षा बराच जास्त आहे. तोंडातला बॅक्टेरिया तिथे पोचला कसा, यावर बरंच काम झालंय. जपानमध्ये काही रुग्णांच्या लाळेत आणि गाठीत अगदी तोच वाण मिळाला. गाठीच्या पेशींवर एक विशिष्ट साखर जास्त असते, आणि या बॅक्टेरियाच्या अंगावरचं फॅप-२ नावाचं प्रथिन तिला चिकटतं. म्हणजे बऱ्याच वेळा गाठ आधी असते आणि हा नंतर येऊन बसतो.

नंतर आला म्हणून निरुपद्रवी मात्र नाही. फॅड-ए या दुसऱ्या प्रथिनानं तो पेशींना वाढीचा इशारा देतो. फॅप-२नं तर आपल्या संरक्षक पेशींचं बटणच बंद करतो, त्यामुळे त्या गाठीला हात लावत नाहीत. २०१७ साली दिसलं की आतड्यातला कॅन्सर यकृतात पसरतो तेव्हा हा बॅक्टेरियाही त्याच्याबरोबर तिथे जातो. २०२४ साली सिॲटलच्या गटानं दाखवलं की यातली एकच उपशाखा गाठींत मुख्यतः असते; तपासलेल्या सुमारे २०० गाठींपैकी जवळजवळ निम्म्यांत ती होती, आणि जठरातलं आम्ल सोसायची तिची तयारी जास्त आहे.

तुमच्या मेट्रोनिडाझोलचा उगम त्याच २०१७च्या अभ्यासात आहे. उंदरांच्या अंगात माणसाची गाठ रुजवली, गाठीत फ्युजोबॅक्टेरियम होता, मेट्रोनिडाझोल दिल्यावर गाठीची वाढ मंदावली. व्हिडिओवाल्यानं एवढंच उचललं. त्या उंदरांना कॅन्सर आधीच होता. तुम्हाला तो असल्याचं कोणी म्हटलेलं नाही. गाठ नसलेल्या माणसानं मेट्रोनिडाझोल घेऊन पुढचा कॅन्सर टळतो, असं दाखवणारा एकही अभ्यास नाही. उलट मोठ्या निरीक्षणांमध्ये ज्यांनी आयुष्यात दीर्घकाळ अँटिबायोटिक घेतली त्यांच्यात पॉलिप आणि कोलनचा, म्हणजे मोठ्या आतड्याचा, कॅन्सर थोडे जास्त दिसले आहेत. त्यावरून अँटिबायोटिकनं कॅन्सर होतो असं मी म्हणणार नाही, पण उगाच त्या दिशेला जायचं कारणही नाही. आपल्याकडे आधीच दोन जुलाब झाले की ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी फोडायची सवय आहे. त्यात ही भर नको. भावाला त्याच्या डॉक्टरांनी एखादं अँटिबायोटिक दिलं असेल तर ते कारणानं दिलेलं आहे, ते परस्पर बंद करू नका. मी तुमच्याबद्दल बोलतोय.

इथवरचं एका दमात: पीकेएसवाला ई. कोलाय बहुधा फार लवकर येतो, इजा करतो आणि निघूनही जाऊ शकतो. फ्युजोबॅक्टेरियम बहुधा उशिरा येतो आणि चालू असलेल्या गाठीला खतपाणी घालतो. पहिल्याला पकडायला तुम्हाला आणि तुमच्या भावाला उशीर झालाय. दुसऱ्याला पकडायचं तर आधी गाठ आहे का ते बघायला हवं.

तिसरा एक आहे, बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसचा विष बनवणारा वाण. त्याचं विष पेशी-पेशींमधला सांधा कापतं आणि तिथे सूज पेटती ठेवतं. ज्या कुटुंबांत आनुवंशिकतेनं शेकडो पॉलिप होतात, अशा रुग्णांच्या आतड्यात हा आणि पीकेएसवाला ई. कोलाय एकत्र थर करून बसलेले बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना २०१८ साली दिसले. नदीकाठच्या धुण्याच्या दगडावर बुळबुळीत थर धरतो ना, तसा हा थर श्लेष्मा ओलांडून थेट अस्तरावर बसतो. एक सांधा मोकळा करतो, दुसरा आत शिरून डीएनए बिघडवतो. म्हणजे प्रश्न एका बॅक्टेरियाचा नाही, कोण कोणाच्या शेजारी बसलंय याचाही आहे, आणि तेही शौचाच्या नमुन्यात दिसत नाही.

एवढ्या सगळ्या नावांपैकी रोजच्या प्रॅक्टिसमध्ये ज्याच्यामुळे आम्ही आजच्या घडीला काहीतरी वेगळं करतो असा बॅक्टेरिया माझ्या माहितीत एकच, आणि तो व्हिडिओत नव्हता. स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलायटिकस, जुन्या नावानं स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस. १९५१ सालापासून त्याचा आणि कोलन कॅन्सरचा संबंध नोंदलेला आहे. एक उदाहरण सांगतो. पन्नाशी उलटलेले एक शेतकरी, दीड-दोन महिने संध्याकाळचा बारीक ताप. गावाकडे विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडचे कोर्स झाले, ताप तात्पुरता उतरून परत यायचा. आमच्याकडे आले तेव्हा हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबरचा जादा आवाज, ऐकू आली. इकोमध्ये झडपेवर गाठोडं दिसलं, म्हणजे झडपेचा जंतुसंसर्ग. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, लावलं. तिसऱ्या दिवशी लॅबमधून मायक्रोबायॉलॉजिस्ट बाईंचा फोन आला: "सर, बोव्हिस ग्रुप आहे. पेशंटची कोलोनोस्कोपी झालीय का?" रिपोर्ट छापून यायच्या आधी फोन, कारण त्यांना त्या नावाचा अर्थ माहीत होता. पेशंटचा मुलगा वैतागला. "हृदयाचा आजार म्हणून दाखल केलंय, पोटाची एक तक्रार नाही, आणि तुम्ही खालून नळी घालायची म्हणताय?" समजावून, झडपेची अँटिबायोटिक चालू ठेवून, प्रकृती स्थिरावल्यावर कोलोनोस्कोपी केली. उजव्या बाजूला रुंद बुडाचा मोठा पॉलिप निघाला. बायोप्सीत कॅन्सरच्या उंबरठ्यावरचे बदल होते, कॅन्सर नव्हता. तो काढून टाकला.

इथेही बघा, आम्ही त्या बॅक्टेरियाला पॉलिपचं कारण म्हणून पकडलं नाही. अस्तर तुटलेलं असलं की त्याला रक्तात शिरायला वाट मिळते, म्हणून तो रक्तात सापडणं ही आतड्यात डोकावायची सूचना आहे. शेवटी हात घातला तो पॉलिपला.

आता तुमचा खरा सल, की भाऊ शाकाहारी असून असं का. खाण्याचा आणि बॅक्टेरियांचा संबंध नक्की आहे. चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ, आपण पचवू शकत नाही. बॅक्टेरिया पचवतात आणि त्यातून ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन तेच, आणि सूज कमी ठेवायलाही त्याची मदत होते. दुसरीकडे खूप तेलकट-तुपकट खाल्लं की पित्त जास्त सुटतं, आणि काही बॅक्टेरिया त्याचं रूपांतर अस्तराला त्रासदायक अशा पित्ताम्लांत करतात. याचा एक झकास प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे २० कृष्णवर्णीय आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले २० जण, यांचं जेवण दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केलं. अमेरिकनांचा चोथा दिवसाला सुमारे १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेला आणि चरबी निम्म्याहून खाली आणली. आफ्रिकनांचं उलट केलं. दोनच आठवड्यांत अमेरिकनांत ब्युटिरेट वाढलं, त्रासदायक पित्ताम्लं घटली, अस्तराची सूज आणि पेशींची घाईची वाढ कमी झाली. आफ्रिकनांमध्ये बरोबर उलट घडलं. दोन आठवड्यांत कॅन्सर होत नाही आणि टळतही नाही, हे उघड आहे, पण वारा कुठल्या दिशेनं फिरतो ते दिसलं.

पण शाकाहारी म्हणजे आपोआप चोथा जास्त, असं नसतं. ओपीडीत मी 'काय खाता' विचारलं की 'साधं घरचं' असं उत्तर येतं. मग दिवस उलगडून विचारला की निघतं: सकाळी चहा-खारी, दुपारी पांढरा भात आणि पातळ वरण, चारला फरसाण किंवा वडापाव, रात्री उशिरा पोळी-बटाटा, उपासाला साबुदाणा. मांस नाही, पण डाळ-उसळ, पालेभाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी, फळं हेही जवळजवळ नाही. तुमचा भाऊ असंच खात होता असा माझा दावा नाही. आणि अगदी उत्तम खाणाऱ्यालाही हा कॅन्सर होतो. खाण्यानं धोका कमी-जास्त होतो, शून्य होत नाही. त्यामुळे त्याच्या जेवणाचा पंचनामा आता घरात करू नका. केमोच्या काळात त्याला जे जातंय, सोसतंय आणि डॉक्टरांनी चालतं म्हटलंय ते खाऊ द्या. भाकरी-उसळीचा आग्रह त्याच्यासाठी या वेळेला नाही, तुमच्यासाठी आहे.

भारतात या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे. तरी २०२२च्या जागतिक अंदाजात आपल्याकडे वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण धरले आहेत, आणि आमच्या बाकांवर तरुण चेहरे बरेच असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं आपल्या ८०० रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा सरासरी वय ४७च्या आसपास निघालं होतं. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्यामागचं एक कारण. आपले पोटातले बॅक्टेरियाही पाश्चात्त्यांपेक्षा वेगळे आहेत. धान्य-डाळीवर पोसणारा प्रिव्होटेला आपल्याकडे जास्त. भोपाळच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या गटानं २०१९ साली भोपाळ आणि केरळमधल्या ३० रुग्णांची ३० निरोगी लोकांशी तुलना केली. त्यात फ्लॅव्होनिफ्रॅक्टर प्लॉटाय नावाचा, फळा-भाज्यांतली उपयोगी फ्लॅव्होनॉइड द्रव्यं तोडणारा बॅक्टेरिया रुग्णांमध्ये जास्त सापडला. नमुना लहान आहे, आणि इथेही तो आधी आला की नंतर हा प्रश्न उरतोच. पण परदेशातल्या यादीवर बेतलेल्या टेस्टमध्ये आपल्या माणसाला 'चांगलं' किंवा 'वाईट' ठरवताना किती सावध राहायला हवं, ते यावरून कळावं.

टेस्टबद्दल माझं मत त्यामुळे सरळ आहे: करू नका. रिपोर्ट खोटा नसेल, पण तो हातात आल्यावर कुठलाही डॉक्टर तुमच्यासाठी काही वेगळं करणार नाही. 'वाईट' बॅक्टेरिया निघाले तरी कोलोनोस्कोपी करायची, 'चांगले' निघाले तरी करायचीच. मग आधीचे पैसे कशाला? शिवाय खरी भीती दुसरी आहे. रिपोर्टमध्ये हिरव्या रंगात 'उत्तम' लिहून आलं की माणूस निवांत होतो आणि तपासणी पुढे ढकलतो.

प्रोबायोटिकचंही तसंच. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांसारख्या ठरावीक ठिकाणी त्यांचा उपयोग होतो, मीही लिहून देतो. कॅन्सर टाळण्यासाठी मात्र नाही. इस्रायलमध्ये २०१८ साली केलेल्या प्रयोगात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे मूळ बॅक्टेरिया परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे तुमच्या बेतातली दुसरी गोळी पहिल्या गोळीचं नुकसान भरून काढेल असंही धरता येत नाही. एक गंमत सांगतो: जर्मनीत शंभर वर्षांपूर्वी शोधलेला आणि अजून वापरात असलेला ई. कोलाय निस्ल हा प्रोबायोटिक वाणच पीकेएस जनुकसमूह बाळगून आहे. 'चांगले' आणि 'वाईट' अशा दोन डब्यांत बॅक्टेरिया बसत नाहीत ते असे. दही-ताक आवडत असेल तर खुशाल घ्या, जेवण म्हणून.

हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. ते कॅन्सरसाठी नसलं तरी करायचंच असतं.

आता तुम्ही न विचारलेला, पण तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी असलेला प्रश्न: मला होईल का, आणि होऊ नये म्हणून काय करू? सख्ख्या भावाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर नियम असा, की चाळिसाव्या वर्षी, किंवा भावाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी. भाऊ ४४, वजा १० म्हणजे ३४. तुम्ही ३८. म्हणजे चार वर्षं आधीच व्हायला हवी होती. अर्थात तेव्हा हे कोणाला माहीतच नव्हतं. तक्रार नसली तरी करायची. वर जे दहा वर्षं म्हटलं त्याचा उपयोग इथे आहे: पॉलिप सापडला तर त्याच वेळी तारेच्या फासानं काढता येतो आणि पुढचं टळतं. काहीच नाही निघालं तर साधारण पाच वर्षांनी पुन्हा. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी टेस्ट सर्वसाधारण धोक्याच्या माणसाला ठीक आहे. तुमच्यासाठी ती कोलोनोस्कोपीच्या जागी चालणार नाही.

कोलोनोस्कोपीचा खरा त्रास आधीच्या तयारीचा. दोन दिवस बियांची फळं, पालेभाज्या, टोमॅटो बंद. मग पोट साफ करणारी पावडर घातलेलं दोन लिटर पाणी, अर्धं रात्री आणि अर्धं पहाटे, प्यायचं. थंडगार करून, लिंबू चोखत प्या, जातं. शेवटी पिवळसर, स्वच्छ पाणी पडायला लागलं की आतडं तयार. ते नीट झालं नाही तर घडीत लपलेला सपाट पॉलिप आम्हालाही दिसत नाही, म्हणून शेवटचा ग्लास टाकू नका. तपासणी झोपेचं इंजेक्शन देऊन होते, संध्याकाळी घरी. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पण साध्या तपासणीत तो हजारात एकाहूनही कमी.

दुसरं काम भावाच्या फाइलमध्ये आहे. त्याच्या गाठीवर एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ या चार प्रथिनांची तपासणी झाली आहे का, ते त्याच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. पॅथॉलॉजी रिपोर्टच्या शेवटी 'एमएमआर' म्हणून लिहिलेली असते. झाली नसेल तर ऑपरेशनच्या वेळचे मेणाचे ठोकळे लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात, त्यावर आत्ताही होते. यातलं एखादं प्रथिन गायब असेल तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची शंका घ्यावी लागते, मग भावाची रक्ताची जनुकीय तपासणी, आणि त्यात दोष निघाला तर तोच दोष तुमच्यात आहे का हे बघता येतं. तुमच्यातही निघाला तर सगळा हिशेब बदलतो, कोलोनोस्कोपी दर एक-दोन वर्षांनी. दर शंभर रुग्णांत असे तीनच्या आसपास असतात, पण वय ४४ असताना हे विचारायचं राहून जाता कामा नये. आई-वडील, काका, मावशी, आत्या यांच्यात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कोणाला होता का, ते एका कागदावर वयासकट लिहून न्या. पहिल्या भेटीत मला याचा उपयोग कुठल्याही बॅक्टेरियाच्या यादीपेक्षा जास्त होतो.

दरम्यान शौचात रक्त, पोट साफ होण्याच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारण नसताना हिमोग्लोबिन किंवा वजन कमी होणं यातलं काही असेल तर तारखेची वाट बघू नका. रक्त पडलं की मूळव्याध समजून पाटी बघून कुठेतरी क्षारसूत्र किंवा इंजेक्शन घेऊन येणारे आणि सहा महिन्यांनी गुदाशयाचा कॅन्सर घेऊन आमच्याकडे पोचणारे पेशंट अजूनही येतात. मूळव्याध असेलही, बोटानं आणि दुर्बिणीनं आत बघितल्याशिवाय तेवढंच आहे असं कोणी म्हणू नये.

तुम्ही लिहिताना धाकट्या बहिणीचा ओझरता उल्लेख केलाय, वय दिलेलं नाही. लग्न होऊन ती दुसऱ्या घरी गेली तरी भाऊ तिचाही सख्खाच आहे, तेव्हा तिलाही हाच नियम लागू. ती ३४ची झाली असेल तर तिचीही अपॉइंटमेंट तुमच्याबरोबरच घ्या. भावाच्या मुलांना मात्र सध्या काही नको; एमएमआरचा रिपोर्ट स्वच्छ आला तर त्यांचं वय ३४ होईपर्यंत थांबता येईल, नाही आला तर विशीतच बघावं लागेल.